चिनी नावासाठी अक्षरं निवडताना: अर्थ शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा. एक मराठी कुटुंब नोकरीनिमित्त शांघायला चाललंय. नऊ वर्षांची मुलगी तिथल्या शाळेत जाणार आणि शाळेने तिचं चिनी नाव मागितलंय. खरं नाव इथे देत नाही; मुलगी मुक्ता आणि आडनाव जोशी, असं धरून चालू. वडिलांनी शब्दकोश धुंडाळून 'मू' आणि 'जू' अशी दोन अक्षरं काढली आहेत. 'मू' म्हणजे ओढ, आदर. 'जू' म्हणजे मोती. मुक्ता म्हणजे मोतीच, शिवाय सुरुवातीचा 'मु'ही साधला. दोन्ही अर्थ सुंदर आहेत, तर हे नाव नक्की करावं का, असं त्यांनी विचारलंय.

करू नका. अर्थ दोन्ही बरोबर आहेत, पण बाईंनी हजेरी घेताना 'मूजू' म्हटलं की वर्गातल्या पोरांना ऐकू येईल 'डुकरीण'. मोत्याचा 'जू' आणि डुकराचा 'जू' यांचा उच्चार तंतोतंत एकच आहे, सूरसुद्धा तोच. (सूर म्हणजे आवाजाची चढ-उतार; चिनी भाषेत तोच उच्चार वेगळ्या सुरात म्हटला की शब्द बदलतो.) मादी या अर्थाच्या 'मू'चा सूर तुमच्या 'मू'पेक्षा वेगळा आहे हे खरं, पण चिडवायला निघालेली मुलं सुराकडे बघत बसत नाहीत.

चिनी नावांचं काम मी शिक्षिका आणि दुभाषी म्हणून वर्षानुवर्षं करत आलेय आणि बहुतेक मराठी घरांतून अशीच यादी येते: अक्षर, त्यापुढे अर्थ, अर्थापुढे बरोबरची खूण. आपल्याला तसंच सुचणार, कारण आपल्याकडे नाव आधीपासून तयार असतं. मुक्ता, सायली, अनिकेत ही नावं शेकडो घरांत आहेत आणि हाक मारताना अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. चीनमध्ये उलटं आहे. तिथे आडनावं मोजकी. नुसत्या वांग आणि ली या दोन आडनावांचे लोक प्रत्येकी दहा कोटींच्या घरात आहेत. व्यक्तीचं नाव मात्र प्रत्येक घर नव्याने घडवतं, एका किंवा दोन अक्षरांत. त्यामुळे नाव ऐकलं की समोरचा माणूस ताबडतोब विचार करतो की हे अक्षर कोणतं, हेच का घेतलं, शेजारच्या अक्षराबरोबर त्याचं काय झालं. नावाचा अर्थ तिथे जागा असतो. म्हणून तो शब्दकोशात न शोधता चिनी माणसाच्या कानात आणि आठवणीत शोधावा लागतो.

कानाचं गणित आधी समजून घ्या. सूर बाजूला ठेवले तर प्रमाण चिनी भाषेत वेगळे उच्चार जेमतेम ४०० आहेत. चार सूर धरले तरी ते तेराशेच्या आसपास जातात. अक्षरं मात्र हजारो. म्हणजे एकेका उच्चाराच्या वाट्याला कितीतरी अक्षरं येतात आणि चांगल्या अक्षराच्या मागे एखादं नकोसं अक्षर उभं असतंच. ते एकट्या अक्षरात दिसत नाही, आडनावासकट पूर्ण नाव मोठ्याने म्हटलं की दिसतं. 'वू' हे अगदी प्रतिष्ठित आडनाव, पण 'नाही' या अर्थाचा 'वू' त्याच सुरात उच्चारला जातो. त्यामुळे वू घराण्यात मुलाचं नाव 'द' म्हणजे सद्गुण ठेवलं, की ऐकणाऱ्याला 'सद्गुण नसलेला' असं ऐकू येतं. तेच घर 'योऊ' म्हणजे उत्तम हे अक्षर घेतं तेव्हा 'वू योऊ' असं होतं आणि कानाला 'निश्चिंत' ऐकू येतं. आडनाव तेच, एकात घात झाला आणि एकात वरदान मिळालं.

म्हणून माझ्याकडे काम आलं की मी आडनावापासून सुरुवात करते. जोशींसाठी मला दोन आडनावं जवळची वाटतात. पहिलं 'जुओ'. उच्चार 'जो'च्या बराच जवळ, अर्थ 'सरस, उठून दिसणारा', आणि खरोखरचं चिनी आडनाव. दुसरं 'छ्याओ'. आपल्या कानाला ते लांबचं वाटेल, पण परदेशी नावांतल्या 'जो'साठी चिनी लोकांनी हेच अक्षर रूढ केलंय. जॉर्ज, जॉर्डन, जॉब्स ही सगळी नावं तिथे छ्याओपासून सुरू होतात. अर्थ 'उंच'.

मन पहिल्यांदा 'जुओ'कडे जातं. पण मुक्ताचा 'मू' ठेवायचा असेल तर पूर्ण नाव म्हणून बघा: जुओ मू. चिनी भाषेत 'जुओमू' म्हणजे लाकूड टोचणं, आणि 'जुओमून्याओ' म्हणजे सुतारपक्षी. सूरसुद्धा हुबेहूब जुळतात. पहिल्याच दिवशी मुलीचं टोपणनाव ठरलं म्हणून समजा.

आता 'छ्याओ मू' म्हणून बघा. 'छ्याओमू' म्हणजे उंच वाढणारा वृक्ष. आणि हा साधा वनस्पतिशास्त्रातला शब्द राहत नाही. शीजिंग या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात पाखरू अंधाऱ्या दरीतून निघून उंच झाडावर जातं अशी ओळ आहे, तिथे हाच शब्द येतो. नव्या घरात राहायला जाणाऱ्यांना शुभेच्छा देताना चिनी लोक आजही या ओळीचा आधार घेतात. पुणं सोडून शांघायला जाणाऱ्या मुलीच्या नावात ही ओळ आपोआप येऊन बसते, हे मला फार भावलं.

आता 'मू' कोणता घ्यायचा? तुमचा 'ओढ' या अर्थाचा 'मू' वाईट नाही, पण मी दुसरा सुचवेन. डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे झाड, असं ते अक्षर आहे. मूळ अर्थ न्हाणं. पण चिनी माणसाला त्यातून एक वाक्प्रचार आठवतो: वसंतातल्या वाऱ्यात न्हाऊन निघाल्यासारखं. चांगल्या शिक्षकाच्या सहवासात बसल्यावर जे वाटतं त्याचं ते वर्णन आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीला याहून बरं काय हवं? नव्या पिढीत या 'मू'ची चलती आहे, त्यामुळे ते मुलीच्या वयालाही शोभेल.

मोती सोडावा लागला याचं वाईट वाटत असेल तर तिसरं अक्षर बघा. 'के', उच्चार साधारण 'खऽ' असा. अर्थ जेडसारखा शुभ्र दगड. मोत्याचा 'जू' आणि हा 'के' या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला एकच चिन्ह आहे, जेडचं. म्हणजे मोती गेला तरी त्याचं घराणं राहिलं, आणि 'मुक्ता'मधला 'क'ही परत आला. छ्याओ मूके. सूर दुसरा, चौथा, पहिला: चढतो, पडतो, मग सपाट राहतो. हाक मारायला मोकळं नाव आहे. (तीनही अक्षरं तिसऱ्या सुराची आली तर बोलणाऱ्याची जीभ अडखळते, ते टाळा.) एक गोष्ट सांगून ठेवते: वनस्पतींच्या 'कुळा'लाही 'के' म्हणतात आणि सूर तोच, त्यामुळे कुणाला 'उंच वृक्षांचं कूळ' असंही ऐकू येईल. त्यात अपमान काही नाही. अर्थ आणखी पसरतो, एवढंच.

अर्थ असा आपसूक पसरणं कसं असतं, याचं माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण आपल्या सोलापूरचं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. चीनमध्ये त्यांना ओळखतात ते 'के दीह्वा' या नावाने. 'के' आणि 'दी' कोटणीस या उच्चारातून आले. 'ह्वा' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही जणांनी, नागपूरच्या डॉ. चोळकरांसकट, आपल्या चिनी नावाच्या शेवटी हे अक्षर घेतलं. एवढंच सांगून बहुतेक जण थांबतात. पण 'दी' हे एका रानचेरीसारख्या झाडाचं नाव आहे आणि 'ह्वा'चा जुना अर्थ फूल. शीजिंगमध्ये या झाडाच्या फुलांवर एक कविता आहे आणि तिथे कवी म्हणतो की आजच्या माणसांत भावासारखं दुसरं कुणी नाही. तेव्हापासून 'दीह्वा' हे दोन शब्द जोडून आले की जुनं साहित्य वाचलेला चिनी माणूस समजतो: भाऊ. सोलापूरच्या डॉक्टराचं नाव चिनी कानाला 'भाऊ' असं ऐकू येतं! नाव देताना कुणी एवढा विचार केला होता की नाही, याने मला फरक पडत नाही. अक्षरं बरोबर पडली की जुनं साहित्य स्वतःहून त्यांच्या मागे येऊन उभं राहतं. कोटणिसांनी तिथे परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा: 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. कुणालाही लगेच कळेल असं हे सरळ नाव आहे, आणि त्या दोघांच्या मुलाला असंच नाव शोभतं.

दुसरं मोठं उदाहरण रवींद्रनाथ टागोरांचं. १९२४ च्या मे महिन्यात बीजिंगमध्ये त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभात विद्वान ल्यांग छीछाओ यांनी त्यांना 'जू जनदान' हे नाव दिलं. 'जन' म्हणजे मेघगर्जना, 'दान' म्हणजे उगवता सूर्य. ते अक्षरच क्षितिजाच्या रेषेवर सूर्य असं आहे. रवी आणि इंद्र दोन्ही आले. शिवाय 'जनदान' हे बौद्ध ग्रंथांच्या अनुवादांत चीनसाठी आलेलं जुनं नाव, आपल्या 'चीनस्थान'वरून घेतलेलं. आणि आडनाव 'जू' हे भारताच्या 'थ्यानजू' या प्राचीन चिनी नावातलं. पूर्वी भारतातून गेलेल्या भिक्षूंच्या नावापुढे तेच लागायचं. (हा 'जू' वेगळ्या सुराचा, वेगळ्या अक्षराचा. तुमच्या मोत्याशी गल्लत नको.) तीन अक्षरांत माणूस, त्याचा देश आणि यजमानांचा देश. असं नाव करायला ल्यांग छीछाओंची विद्वत्ता लागते, ते आपल्याकडून होणार नाही, पण उच्चाराच्या मागे न धावता अर्थाने नाव घडवता येतं हे त्यातून समजून घ्यावं.

साहित्यातून नाव घ्यायची चिनी घरांची रीत जुनी आहे. मुलींसाठी शीजिंग, मुलांसाठी छूत्स (हाही एक प्राचीन काव्यसंग्रह), अशी म्हणच आहे. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल मिळवणाऱ्या तू योऊयोऊ यांचं नाव वडिलांनी शीजिंगमधून घेतलं. 'योऊयोऊ' म्हणजे हरणांचा आवाज. कवितेत ती हरणं पुढे 'हाव' नावाची रानवनस्पती खातात. मोठेपणी तू योऊयोऊंनी मलेरियावरचं औषध ज्या 'छिंगहाव'मधून शोधलं, ती त्याच नावाची वनस्पती. चीनमध्ये ही गोष्ट लोक फार आवडीने सांगतात आणि मीही प्रत्येक वर्गात सांगते.

आता काही गोष्टी ज्यांत मराठी घरं हमखास अडखळतात. आजी-आजोबांचं नाव नातवंडाला ठेवणं आपल्याकडे प्रेमाचं. चीनमध्ये तो अनादर समजतात. थोरांच्या नावातलं अक्षर लहानाला द्यायचं नाही, हा नियम एकेकाळी सम्राटाच्या नावापर्यंत जायचा: बीजिंगच्या राजवाड्याचं उत्तर दार 'श्वानवू' होतं, पण कांगशी सम्राटाच्या नावात 'श्वान' होतं म्हणून दाराचं नाव बदलून 'शनवू' केलं. तेव्हा मुलीला तिच्या चिनी शिक्षिकेच्या किंवा तुमच्या चिनी साहेबांच्या नावातलं अक्षर 'आदर म्हणून' देऊ नका. त्यांना अवघडल्यासारखं होईल.

भावंडांना एकच अक्षर देणं मात्र तिथे पूर्ण रुळलेलं आहे. माओ त्सतुंग, त्समिन आणि त्सथान हे तिघे भाऊ 'त्स' या एकाच अक्षराने बांधलेले. जुन्या घराण्यांत प्रत्येक पिढीचं अक्षर आधीच कवितेत ठरलेलं असतं. कन्फ्यूशियसच्या कुळात तो क्रम आजही चालतो: ७७ व्या पिढीतले खोंग दछंग, त्यांचा मुलगा वेइयी, नातू छ्वेइछांग, पणतू योऊरन. पहिली अक्षरं ओळीने वाचा, द, वेइ, छ्वेइ, योऊ, हा त्या कवितेचाच तुकडा आहे. मुक्ताला धाकटा भाऊ असेल तर त्याच्याही नावात पाण्याचा 'मू' जरूर ठेवा. शाळेत न सांगता कळेल की ही भावंडं आहेत.

नावातून काळही कळतो. ज्यान्क्वो, म्हणजे राष्ट्र उभारणं, हे नाव ऐकलं की माणूस १९४९ च्या आगेमागे जन्मलेला. य्वानछाओ, म्हणजे कोरियाला साहाय्य, म्हणजे १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांतला. पुढे एका अक्षराची नावं आली आणि इतकी आली की आज 'जांग वेइ' या एकाच नावाची माणसं चीनमध्ये जवळजवळ तीन लाख आहेत. २०२० साली नवजात मुलींत सर्वाधिक ठेवलेलं नाव होतं 'यीनुओ', म्हणजे एक वचन. 'एका वचनाचं मोल हजार सोन्याच्या मोहरा' या म्हणीतून आलेलं. इंटरनेटवरच्या याद्यांत मोती, कमळ, चंद्र, सौंदर्य अशी अक्षरं ढिगाने मिळतात. अर्थ निर्दोष, पण त्यातली बरीचशी आज साठी-सत्तरीतल्या बायकांची नावं आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला ती देऊ नयेत.

अर्थाची काळी बाजूही आपल्याला ओळखीची आहे. मूल जगावं म्हणून चिनी खेड्यांत 'कौशंग', म्हणजे कुत्र्याने टाकलेलं उष्टं, अशी घरगुती नावं ठेवायचे. आपले दगडू, धोंडू, केरबा याच भीतीतून आलेले. आणि 'जाओदी', म्हणजे 'ये रे धाकट्या भावा', हे नाव मुलींना द्यायचे. त्या शब्दाचा अर्थ बायका आयुष्यभर वागवतात. २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने 'नकोशी' नावाच्या मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली होती, त्या मुलींना हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून कुणी 'नाव म्हणजे काय, नुसती दोन अक्षरं' असं म्हटलं की मला मनापासून राग येतो.

दुर्मीळ अक्षराचा मोह टाळा. २०१३ साली चिनी सरकारने ८१०५ अक्षरांची प्रमाण यादी काढली, तिच्या बाहेर जाण्याचं काहीच कारण नाही. यादीबाहेरचं अक्षर कधीकधी बँकेच्या संगणकावर उमटत नाही, शिक्षकांना वाचता येत नाही, आणि नावाचा उच्चार विचारायची वेळ आली की कौतुक संपतं. लिहिणाऱ्या हाताचाही विचार करा. मुलीला प्रत्येक वहीवर, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर हे नाव लिहायचंय. छ्याओ सहा रेघांचं, मू सात, के नऊ, एकूण २२. मुलगी आठवड्याभरात शिकेल.

रेघांवरून आठवलं. रेघा मोजून भविष्य सांगणाऱ्या वेबसाइटी तुम्हाला मिळतील, नावाला शंभरपैकी गुण देणाऱ्या. ती पद्धत प्राचीन नाही. विसाव्या शतकात जपानमधून चीनमध्ये आली. पंचतत्त्वांपैकी मुलात कोणतं कमी आहे ते पाहून पाण्याचं किंवा लाकडाचं अक्षर घालणं ही रीत मात्र जुनी आहे, आपल्या जन्माक्षरासारखीच घराघरांत पाळली जाते, आणि कुणा चिनी शेजाऱ्याने विचारलंच तर तुमच्या 'मू'मध्ये पाणी आणि लाकूड दोन्ही आहेत असं सांगा, ते खूश होतील. पण गुण वाढवण्यासाठी अक्षर बदलू नका.

नाव कळवण्यापूर्वी एवढं करा. छ्याओ मूके हे नाव किमान दोन चिनी माणसांना वाचायला द्या, त्यातलं एक शाळकरी मूल हवंच, कारण चिडवण्याजोगं काय आहे ते मोठ्यांपेक्षा त्याला आधी कळतं. त्यांना अर्थ आधी सांगू नका; नाव मोठ्याने वाचायला सांगा आणि पहिलं काय मनात आलं ते विचारा. मुलीलाही दोन दिवस त्या नावाने हाक मारून बघा. तिला आवडलं नाही तर 'के'च्या जागी दुसरं अक्षर बघू, मला कळवा. व्हिसा आणि निवासी परवान्यावर पासपोर्टातलं नावच राहील, चिनी नावाने त्यात काही बदल होत नाही. पण शाळेच्या दाखल्यापासून पुढच्या प्रत्येक कागदावर हीच तीन अक्षरं, याच क्रमाने, आडनाव आधी, असंच लिहा. उच्चार तोच ठेवून एका कागदावर एक 'मू' आणि दुसऱ्यावर दुसरा 'मू' आला, तर चिनी कारकुनाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या मुली असतात. आणि कधी हाँगकाँगला गेलात तर तिथे कँटोनीजमध्ये हा 'के' 'ओ' असा वाचतात, तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हाक तिला कळणार नाही.